दसऱ्याच्या दिवशी पेट्रोलमध्ये पाणी कोणी घातले

“दसऱ्यासारख्या पवित्र दिवशी साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळून ते गोरगरिबांच्या माथी मारणाऱ्या पंपाचा भंडाफोड भाऊंनी भर रस्त्यात केला. महागडे पेट्रोल खपावे म्हणून साध्यात भेसळ, असा तो डाव होता. पंपावर साधी सूचनाही लावलेली नव्हती. पोलीस मात्र आरोपी महिलेला पाठीशी घालण्यात मग्न होते.”

हे शब्द माझे नाहीत. आमच्या भागातील एका पुढाऱ्याचा गौरवग्रंथ अलीकडे प्रसिद्ध झाला, त्यातील एका लेखातून ते जसेच्या तसे उतरवले आहेत. लेखक स्वतःला ज्येष्ठ पत्रकार म्हणवतात. त्या दिवशी ते पंपावर नव्हते, ठाण्यातही नव्हते. मी दोन्हीकडे होतो. सेवेच्या अगदी अखेरीस हाताळलेले हे प्रकरण मी विसरलो असेन, अशी त्यांची समजूत असावी. ती चुकीची आहे. त्या उताऱ्यातील भाऊंचे नाव सोडले तर एकही गोष्ट खरी नाही, आणि नाव मी इथे कोणाचेच घेणार नाही. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मी प्रभारी अधिकारी असलेले पोलीस ठाणे अंबड आणि कुंभार पिंपळगाव यांच्या मधल्या पट्ट्यात होते. दसऱ्याला सकाळी ठाण्यात शस्त्रपूजन असते. रायफली पुसून मांडलेल्या, जीपला हार घातलेला, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आपट्याची पाने. पूजा आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात रस्त्यावरच्या पंपासमोरील हॉटेलवाल्याचा फोन आला.

“साहेब, जल्दी या. पंपावरच्या बाईला लोकं मारून राह्यले.”

“कोण लोक?”

“ते मला इचारू नका. मला इथंच धंदा करायचाय. तुम्ही या बस.”

मी पोचलो तेव्हा पंपावर मोठा जमाव होता. सकाळी तिथे पेट्रोल भरल्यावर वाटेत बंद पडलेल्या दुचाकी ढकलत आणून आडव्यातिडव्या लावलेल्या. मधोमध भाऊ, हातात पाण्याची पारदर्शक बाटली उंच धरलेली, आणि समोर मोबाइल धरून उभे असलेले त्यांचे कार्यकर्ते. बाटलीत त्यांनी पंपाचे पेट्रोल घेतले होते, त्यात थोडे पाणी ओतले होते आणि बाटली हलवली होती. खाली पाण्याचा थर बसला होता. ओतलेल्या पाण्यापेक्षा तो जाड दिसत होता.

“बघा! मी टाकलं एवढंसं, झालं केवढं! हे जास्तीचं पाणी कुठून आलं? पेट्रोलमधूनच आलं!”

टाळ्या पडत होत्या. ऑफिसच्या भिंतीला टेकून एक बाई बसल्या होत्या. वय चाळिशीच्या पुढचे. पंपाचा निळा कोट फाटलेला, आत पांढरी साडी. डोक्यापासून पायापर्यंत काळे ऑइल ओतलेले. साडीवर ते अजून खाली ओघळत होते.

त्या बाई पंपावर पेट्रोल भरण्याचे काम करत. बौद्ध कुटुंबातल्या. दसऱ्याला त्यांच्या वस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. सकाळची पाळी करून दुपारी विहारात जायचे म्हणून पांढरी साडी नेसूनच त्या कामावर आल्या होत्या. ज्येष्ठ पत्रकारांच्या लेखात हे नाही. ऑइलही नाही. “जनतेचा संताप अनावर झाला” एवढेच आहे. संताप असा आपोआप डबा उघडत नाही. डबा कोणीतरी आणतो, कोणीतरी उघडतो, कोणीतरी ओततो. त्या हातांना नावे आहेत, आणि ती दोषारोपपत्रात आहेत. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे त्याबद्दल याहून अधिक लिहीत नाही.

जमाव पांगवला, बाईंना जीपमध्ये घेतले. पंपमालकाला ठाण्यात बोलावले. पंपावर दोन शिपाई ठेवले आणि कशालाही हात लावू द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. मागोमाग भाऊही पन्नासेक माणसे आणि बंद पडलेल्या गाड्या घेऊन ठाण्याच्या आवारात आले आणि ठिय्या मांडून बसले. मागणी एकच: बाईला अटक करा.

आता तपासात काय काय घडले ते क्रमाने सांगतो.

पहिला जबाब पंपमालकाचा. अंगावर दसऱ्याचा नवा शर्ट, कपाळावर घाम.

“साहेब, माझा या भानगडीशी बिलकुल संबंध न्हाई. मशीनवर ती उभी राहते. काय केलं असंल ते तिनंच केलं असंल.”

“काय केलं असेल?”

“पाणी टाकलं असंल.”

“कुठे टाकलं? कसं?”

“ते म्या कसं सांगू? म्या तर पूजेला बसल्तो.”

माझ्या नोकरीत मी अनेक घाबरलेली माणसे पाहिली. घाबरलेला माणूस खोटे बोलतो, हे मला समजते. पण आपल्याच पंपावर बरीच वर्षे राबलेल्या बाईला जमावाच्या पुढ्यात ढकलून स्वतः मागे सरणारा माणूस मला आजही सहन होत नाही. त्याचा जबाब जसाच्या तसा लिहून घेतला आणि त्याला बाहेर बसवले.

नंतर त्या बाई. महिला शिपाई सोबत होती. आधी हातपाय धुवा, दुसरी साडी आणवतो, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

“न्हाई साहेब. हे असंच लिवून घ्या आधी. धुतलं की उद्या म्हणतील, कोणी ओतलंच न्हवतं.”

मी विचारले, “पेट्रोलमध्ये पाणी तुम्ही घातलं का?”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी खुर्चीत सरळ बसलो.

“साहेब, आमच्या गल्लीत नळाला पाणी कव्हा येतं, ठाव हाये का तुम्हाला? पंधरा-पंधरा दिवस येत न्हाई. टँकर आला की म्या हंडा घेऊन पळते. ते पाणी म्या पेट्रोलमंदी वतू? येडी हाये का म्या? पाणी चोरून कुठं घालायचंच झालं तर घरच्या रांजणात घालीन!”

दाराशी उभा असलेला हवालदार हसला. मी त्याच्याकडे रोखून पाहिले. पण हसू मलाही आले होते, हे मान्य करतो. जालना जिल्ह्यात पाणी घालून कमाई करण्याचा आरोप करणाऱ्याने आधी पाणी मिळते कुठे, ते सांगावे.

“मग इतक्या गाड्या बंद कशा पडल्या?”

“ते तुमचं काम हाये, साहेब. म्या नोझल धरलं, मशीनवर शून्य दाखवलं, भरलं. दोन दिवसांमागं भाऊची पोरं येऊन मशीनवर कायबाय चिकटवून गेली. म्या म्हणलं, मशीनवर लावू नका. मालक म्हणले, राहू दे. एवढंच वेगळं झालं. बाकी रोजच्यासारखंच.”

चिकटवण्याचे ते वाक्य मी इतर वाक्यांसारखेच नोंदवून घेतले. त्यांनी जबाबावर सही केली. मग साडी गुन्ह्यातील पुरावा म्हणून जमा करावी लागणार, हे मी त्यांना सांगितले. तोवर त्यांचा आवाज एकदाही हलला नव्हता.

“ही विहारात जायची साडी हाये, साहेब,” त्या म्हणाल्या. “परत भेटल ना?”

निकालानंतर मिळेल, असे मी सांगितले. ती साडी अजून मुद्देमालाच्या खोलीत आहे.

आवारातील ठिय्याकडे एक असे हत्यार होते, ज्याचा उल्लेख ज्येष्ठ पत्रकारांनी टाळला आहे. त्यांना त्याची लाज वाटली असावी, आणि वाटायलाच हवी. भाऊंच्या एका कार्यकर्त्याने मोठ्याने विचारले, “साहेब, एक सांगा. तिच्या वस्तीतल्या गाड्या सकाळी त्याच मशीनवर भरल्या. त्यातली एकबी बंद पडली न्हाई. आमच्याच पडल्या. हे कसं? तिनं तिच्या लोकायला चांगलं दिलं अन् आम्हाला पाणी!”

आवारात गलका झाला. दसऱ्याच्या दिवशी, गावागावांत दोन वेगवेगळे सोहळे चालू असताना, हे वाक्य किती लांब जाऊ शकते हे वर्दीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी वरिष्ठांना फोन करून जादा कुमक मागितली. वरिष्ठांनी कुमक दिली आणि सल्लाही दिला: बाईला ताब्यात घ्या, वातावरण निवळेल. मी म्हणालो, पुरावा मिळाला तर घेईन. वातावरण निवळण्यासाठी निरपराध माणसाला कोठडीत घालणे मला कोणी शिकवले नव्हते.

तिच्या वस्तीतल्या गाड्यांची मी माहिती काढली. त्या माणसाचे म्हणणे खरे होते. त्याच मशीनवर, त्याच नोझलने, त्याच सकाळी भरलेल्या त्या गाड्या सुखरूप चालत होत्या. हा तिच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा मानला जात होता. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच होती. एका मशीनला टाकी एकच असते. नोझल माणसाची जात ओळखत नाही. पेट्रोल तेच असेल, तर फरक गाड्यांमध्येच असला पाहिजे.

तक्रारदारांना एकेक करून बोलावले. पंपावर साध्या पेट्रोलचे एक मशीन, महागड्या पेट्रोलचे दुसरे आणि डिझेलचे तिसरे, अशी रचना होती. म्हणून पहिला प्रश्न सर्वांना सारखाच:

“कोणतं पेट्रोल भरलं?”

“दोनशेचं.”

“किती रुपयांचं विचारत नाही. कोणतं?”

“पेट्रोल वो साहेब. दोनशेचं.”

दुसरा म्हणाला, “शंभराचं.” तिसरा म्हणाला, “टाकी फुल.” साधे की महागडे, हे सांगू शकणारे थोडेच. मशीनवर काय लिहिले आहे ते वाचले का, या प्रश्नावर सगळे माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहू लागले. रुपये सांगायचे, आकडा फिरताना पाहायचा आणि निघायचे, अशी आपली रीत. त्यातल्या एकाने मात्र छाती पुढे काढून सांगितले, “म्या महागडंच भरतो, साहेब. साध्याला हात लावत न्हाई.” त्याचीही गाडी बंद पडली होती. म्हणजे साध्यात भेसळ करून महागडे खपवण्याचा डाव, ही गौरवग्रंथातील कहाणी ठाण्याच्या व्हरांड्यातच संपली होती. लेखकाने त्या माणसाला विचारलेच नाही.

मग मी बाहेर आलो आणि बंद पडलेल्या गाड्या ओळीने उभ्या करायला लावल्या. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. प्रत्येक हँडलला झेंडूचा हार होता. प्रत्येक टाकीवर हळद-कुंकवाची बोटे होती. आणि प्रत्येक गाडी काचेसारखी स्वच्छ होती. नांगरटीच्या चिखलातून रोज जाणाऱ्या गाड्यांच्या मडगार्डच्या आत मातीचा कण नव्हता.

पहिली तक्रार देणारा तरुण जालना एमआयडीसीतील रोलिंग मिलमध्ये कामाला होता. सणासाठी गावी आला होता. बायकोला माहेरी पोचवायला निघाला आणि वाटेत गाडी बंद पडली. माणूस सरळ होता.

“गाडी कुठे धुतली?” मी विचारले.

“काल वॉशिंग सेंटरवर, साहेब. भाऊतर्फे फुकट धुऊन भेटत होती. लई लाइन होती.”

“पाणी कसं मारलं?”

“मशीनचा फवारा. लई जोरात असतो तो. सगळी घाण निघते.”

“पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं रबर कसं आहे?”

तो गाडीपाशी गेला, झाकण उघडले. रबराचा अर्धा वळसाच उरला होता. त्याने ते बोटाने चाचपले आणि झाकण हळूच बंद केले.

“हे तर कव्हाच गेलंय,” तो म्हणाला. मग आवाज एकदम उतरला. “म्हंजे साहेब, म्याच पाणी भरून घेतलं का?”

मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे. वर्दी चढवली म्हणून शिकलेले विसरलो नव्हतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, साध्यातही आणि महागड्यातही. इथेनॉलला पाण्याची ओढ मोठी. टाकीत पाणी शिरले की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याला मिळते आणि दोघे तळाला बसतात. गाडी पेट्रोल ओढते ती तळाकडूनच. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये चमचाभर पाणी निमूट तळाला पडून राहायचे. गाडी एखादा झटका खाऊन पुढे जायची. आता तसे होत नाही. आणि बाईंच्या वस्तीत त्या दिवशी वाहनपूजा नव्हती, म्हणून गाड्या फवाऱ्याखाली गेल्या नव्हत्या. फरक होता तो एवढाच. मेकॅनिकला बोलावून, पंचांसमक्ष, बंद गाड्यांच्या टाक्या तळातून रिकाम्या करून घेतल्या. प्रत्येकीतून आधी पाणी आले आणि मग पेट्रोल.

भाऊंच्या बाटलीचे उत्तर देणे बाकी होते. मी आवारात गेलो आणि विचारले, “तुमच्यापैकी दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरून कोण आलंय?”

एक कार्यकर्ता पुढे आला. “म्या. जालन्याहून फुल करून आलो. या चोराच्या पंपावर म्या पाय ठेवत न्हाई.”

“छान. त्यातलं थोडं द्या.”

त्याच्या टाकीतून पेट्रोल बाटलीत घेतले. भाऊंनी ओतले होते तेवढेच पाणी भाऊंच्याच हाताने ओतायला लावले. बाटली त्यांनीच हलवली, त्यांनीच खाली ठेवली. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. थर वाढला. तेवढाच वाढला.

कोणीतरी मागून म्हणाले, “मंग जालन्याच्या पंपावरबी त्याच बाईनं पाणी टाकलं म्हणा की!”

हशा पिकला. वाढलेला थर पाण्यात उतरलेल्या इथेनॉलचा आहे, हे मी समजावून सांगितले. भाऊंनी बाटली उचलली, पाहिली, परत ठेवली आणि म्हणाले, “ते इथेनॉल-बिथेनॉल आम्हाला काय माहीत? पंपावर कुठं लिहिलंय? सांगा, कुठं लिहिलंय? लिहिलं न्हाई म्हणजे फसवणूक झालीच ना!”

जमाव पुन्हा त्यांच्या बाजूला झुकला. त्यांनी मुद्दा नेमका पकडला होता, हे मी नाकारत नाही. पाणी नसले तरी सूचना नसेल, तर ग्राहकाला अंधारात ठेवले असे म्हणता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरवठा निरीक्षक आणि तेल कंपनीचे अधिकारी यांच्यासह पंपाचा पंचनामा करण्याचे मी जाहीर केले आणि भाऊंनाही हजर राहण्यास सांगितले. ते आले. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत मोजपट्टी सोडून पाणी तपासले, घनता मोजली, नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवले. टाकीत पाणी नव्हते. प्रयोगशाळेनेही पुढे तेच कळवले. बाईंविरुद्ध गुन्हा दाखल करण्यासारखे काही उरले नाही. ऑइल ओतणाऱ्यांविरुद्ध गुन्हा आदल्याच दिवशी दाखल झाला होता आणि जातीय अत्याचाराचे कलम लागल्याने कायद्याप्रमाणे तपास उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे गेला होता. गौरवग्रंथ ज्यांना “आरोपी महिला” म्हणतो, त्या या प्रकरणात आरोपी कधीच नव्हत्या. त्या फिर्यादी आहेत.

हे सगळे मी आज का लिहितो आहे? गेल्या महिन्यात त्या बाईंचा फोन आला. पंप सोडून त्या आता अंबडला एका बियाण्यांच्या दुकानात काम करतात.

“साहेब, ते पुस्तक पोरीच्या सासरी पोचलं. सासऱ्यानं वाचून दाखवलं तिला, सगळ्यायच्या देखत. पोरगी म्हणती, आई, खरं काय ते कोणीतरी छापा ना.”

“मी छापतो,” मी म्हणालो.

“पण बराबर छापा. माझी दया नका छापू.”

म्हणून दया छापत नाही. ज्येष्ठ पत्रकारांना थेट विचारतो: पंचनाम्याची प्रत मागितल्यावर मिळते, तुम्ही का मागितली नाही? एक बाई, तिच्या पांढऱ्या साडीवर ओतलेले ऑइल आणि तिच्या वस्तीवर फेकलेला आरोप तुम्ही एका ओळीत गाडलात. या प्रकरणाने मला शिकवले ते हे: जमाव खोट्याच्या आधाराने क्वचितच उभा राहतो. तो अर्ध्या खऱ्याच्या आधाराने उभा राहतो. गाड्या खरोखर बंद पडल्या होत्या. बाटलीतला थर खरोखर वाढला होता. वस्तीतल्या गाड्या खरोखर चालत होत्या. तपास करणाऱ्याने प्रत्येक खऱ्या गोष्टीला पुढचा प्रश्न विचारायचा असतो. जो विचारत नाही, त्याने वर्दी घालू नये आणि लेखणीही धरू नये.

आता राहिला तो शेवटचा मुद्दा, “पंपावर सूचनाही लावलेली नव्हती” हा. त्याचे उत्तर मी मत म्हणून देत नाही. पंचनाम्यात आहे तेवढेच सांगतो. साध्या पेट्रोलच्या मशीनवर, डोळ्यांच्या उंचीवर, एक मोठे स्टिकर होते. त्यावर भाऊंचा हसरा चेहरा आणि मजकूर: दसऱ्यानिमित्त आपली दुचाकी मोफत धुऊन मिळेल. बाईंचा जबाब मला आठवला. पंचांसमक्ष, भाऊंसमक्ष, ओल्या फडक्याने ते स्टिकर मी कडेपासून सोडवले. खाली कंपनीचे लेबल होते, जसेच्या तसे, अक्षर न अक्षर शाबूत: या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले आहे, वाहनाच्या टाकीत पाणी जाऊ देऊ नका.